जर्मनीला निघालोय, दारू पीत नाही. एकटा पडेन का?

दांडियाबाजारचा_धाकटा

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजातून, मेकॅनिकल केलं, आता माग्डेबुर्गला मास्टर्ससाठी अ‍ॅडमिशन मिळाली आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) 11,904 युरो भरून झाले, व्हिसा हातात आला, तिकीट काढलं. बॅगेत काय न्यायचं ते आईने केव्हाच ठरवून टाकलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

माझा एक सीनियर गेल्या वर्षी जर्मनीला गेला. त्याचा व्हिडिओ कॉल आला की मागे कायम कोणाच्या तरी खोलीत पंधरा-वीस जण, हातात बाटल्या, मोठ्याने गाणी. तो म्हणतो, "इथे बिअर घेतली नाहीस तर तुला कोणी विचारणार नाही. शुक्रवारी रात्री खोलीत एकटा बसशील." मी आजवर कधी प्यायलेलो नाही. गुजरातमध्ये दारूबंदी आहे म्हणून नव्हे, ज्याला प्यायची तो इथेही पितोच. आमच्या घरात कोणी घेत नाही, मलाही इच्छा होत नाही, आणि तिकडे गेलो म्हणून बदलायचं माझ्या मनात नाही.

पण मी एकटा राहू शकणारा माणूस नाही, खरी अडचण ही आहे. आमच्या वाड्यात ओट्यावर जाऊन बसलं की पाच मिनिटांत चार जण येऊन टेकतात. गणपतीचे दहा दिवस मी मंडळात असतो, नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा. माणसं नसली की मला जेवण जात नाही. तिकडे ओटा कुठून आणू?

सीनियर म्हणतो, औषधं चालू आहेत असं सांग, मग कोणी आग्रह करत नाही. असं खोटं सांगावं का? पार्टीला बोलावलं तर जावं का, आणि गेलो तर हातात काय धरून उभं राहू? मी अंडंही खात नाही, त्याचं काय करू? जे तिकडे राहिले आहेत त्यांनी खरं काय ते सांगा. मी सगळं मनावर घेणार आहे.

आखेनची_रावपुरेकर

तुझा प्रश्न वाचला आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून लिहायला बसले. मी बडोद्यातल्याच रावपुऱ्याची. 2022 च्या ऑक्टोबरात आखेनला आले, शिक्षण झालं, आता इथेच नोकरी करते. तू जे विचारतोयस ते विचारायला त्या वेळी मला कोणी नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी औषधाचं. खोटं अजिबात सांगू नकोस. "इश ट्रिंके काइनेन आल्कोहोल" एवढं वाक्य पाठ कर. जर्मन माणूस ते ऐकतो, मान हलवतो आणि विचारतो, मग आपफेलशोर्ले देऊ का श्पेत्सी? पहिलं म्हणजे सफरचंदाच्या रसात सोडा, दुसरं म्हणजे कोला आणि संत्र्याचं सरबत एकत्र. दोन्ही बहुतेक बारमध्ये मिळतं, घरगुती पार्ट्यांमध्येही बऱ्याचदा असतं. दुसऱ्यांदा आग्रह केलेला मी इतक्या वर्षांत एकाही जर्मन माणसाकडून ऐकलेला नाही. आग्रह ही आपल्याकडची रीत. तिथे "नको" म्हणजे नको. पण हे उलटंही लागू पडतं हे लक्षात ठेव. कोणी केक पुढे केला आणि तू आपल्या सवयीने पहिल्यांदा "नको, नको" म्हणालास, तर ते ताट पुढे सरकतं आणि परत येत नाही. मी पहिल्या महिन्यात दोनदा अशी उपाशी घरी आले आहे. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हण.

एक बारीक गोष्ट, तुझ्यासारख्याला उपयोगी. बाटलीवर "आल्कोहोलफ्राय" लिहिलेल्या बिअरमध्ये 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, कायद्याने ते चालतं. तुला अजिबातच नको असेल तर 0,0 लिहिलेली शोध. तिथे दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात, म्हणून तसं दिसतं. हिवाळ्यात ख्रिसमसच्या बाजारात सगळे ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाला घातलेली गरम वाइन पीत उभे असतात. तिथेच किंडरपुन्श मिळतं, फळांच्या रसाचं, दालचिनी-लवंग घातलेलं, तसंच गरम. कप तसाच, वाफ तशीच. कपाचं डिपॉझिट आधी द्यावं लागतं, कप परत केला की मिळतं.

आता ओटा. तिथला ओटा म्हणजे स्वयंपाकघर. हॉस्टेलमध्ये किंवा वेगेमध्ये (चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या घराला तिथे वेगे म्हणतात) खोली ज्याची त्याची, पण स्वयंपाकघर सगळ्यांचं. ओळखी तिथे होतात. आणि मी नेमकी तिथेच चुकले. आमच्या मजल्यावर दहा जण होते. पहिलं वर्षभर मी कुकर लावायची, शिट्टीने लोक दचकायचे म्हणून मला संकोच वाटायचा, भात झाला की ताट वाढून घेऊन सरळ खोलीत. दार लावून, लॅपटॉपवर आईशी बोलत जेवायची. आणि रात्री अंथरुणात पडून वाटायचं, मला कोणी बोलावत नाही. कोण बोलावणार? निम्म्या मजल्याला माझा चेहराच माहीत नव्हता.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे 2023 मध्ये, नवरात्र 15 ऑक्टोबरला बसली. बडोद्याच्या माणसाला त्या दिवसांत काय होतं ते तुला सांगायला नको. 21 तारखेला शनिवार होता. बडोदा, सुरत, पुणे, हैदराबाद असे आम्ही पंचवीस जण जमलो आणि आमच्या मजल्याच्या कॉमन रूममध्ये गरबा केला. मजल्यावर मी कोणाला काही सांगितलं नाही. जर्मनीत रात्री 10 ते सकाळी 6 शांततेची वेळ असते, हे मला ऐकून माहीत होतं, पण आम्ही काही दारू पिऊन दंगा करत नव्हतो, देवीचं होतं, म्हणून मनात काही आलंच नाही. सव्वादहाला खालच्या मजल्यावरचा एक मुलगा वर आला. आम्ही स्पीकर हळू केला. पण गरब्याचा आवाज स्पीकरचा नसतो रे, पायांचा असतो. त्याच्या छतावर पंचवीस माणसं एका तालात पाय टाकत होती. अकराला दोन पोलीस आले. अगदी सभ्यपणे बोलले, एकीचं नाव लिहून घेतलं, आणि परत यावं लागलं तर स्पीकर घेऊन जाऊ असं सांगितलं. आम्ही आरती न करताच पांगलो. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात शेजारच्या खोलीतली पोलंडची मुलगी चहा करत होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, आवाजाचं काही नाही, पार्ट्या आम्हीही करतो. मग थोडं थांबून म्हणाली, "काल तुमचे सगळे लोक रंगीत कपडे घालून माझ्या दारावरून जात होते. मला वाटलं आत्ता तू बोलवशील. मी दार उघडं ठेवून बसले होते."

हे वाक्य मी अजून विसरले नाही. वर्षभर मी बंद दाराआड बसून म्हणत होते की मला कोणी बोलावत नाही. आणि ज्या दिवशी माझ्याकडे काही होतं, त्या दिवशी बोलवायचं होतं मी.

पुढच्याच शनिवारी, 28 तारखेला, कोजागिरी होती. आम्ही दोघींनी मिळून एक कागद लिहिला आणि जिन्यात खालच्या दरवाजापाशी चिकटवला. जर्मन माझं, चुका तिने दुरुस्त केल्या. "प्रिय शेजाऱ्यांनो, शनिवारी संध्याकाळी आठपासून आमच्या स्वयंपाकघरात आमच्याकडच्या पौर्णिमेचं दूध आहे. आवाज फार वाटला तर बेल वाजवा. वाटला नाही तरी वाजवा. येताना स्वतःचा कप आणा." असा कागद लावायची तिथे पद्धतच आहे, पार्टीच्या तीन-चार दिवस आधी, खाली नाव आणि फोन नंबर. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

आठ लिटर दूध आणलं. टेट्रापॅकमधलं टिकाऊ नव्हे, फ्रिजमधलं ताजं फोलमिल्श, साडेतीन टक्के फॅटवालं. दोन मोठी पातेली, त्यातलं एक खालच्या मजल्यावरच्या त्याच मुलाचं. चारोळी मी घरून आणलेली होती. मजल्यावरच्या इराणी मुलाने केशराची माझी डबी पाहिली आणि काही न बोलता खोलीत जाऊन स्वतःची घेऊन आला. आपण केशर दुधात भिजवतो. त्याने ते लहानशा खलात साखरेच्या चिमटीबरोबर पूड होईपर्यंत वाटलं, वरून दोन चमचे गरम पाणी घातलं आणि वाटी झाकून ठेवली. दहा मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा आत जो रंग उतरला होता तो मी आईच्या हातूनही पाहिला नव्हता. आता मी तसंच करते.

त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. बडोद्यात आईकडे दूध ठेवावं की नाही यावर दिवसभर चर्चा चालली होती. आखेनला सव्वादहाच्या सुमाराला आम्ही सगळे कप घेऊन अंगणात उतरलो. ढग होते, पण मधूनच चंद्र दिसायचा आणि खालच्या कडेला बोटभर काळी सावली. नेमका तेव्हाच आईचा फोन. तिच्याकडे पावणेदोन वाजलेले, ग्रहण म्हणून जागी. म्हणाली, दुधात तुळशीचं पान टाकलंस का? तुळस कुठली असणार. पण स्वयंपाकघराच्या खिडकीत कोणीतरी बेसिलची कुंडी ठेवलेली होती. मी आईला दाखवली. ती म्हणाली, तुळशीच्याच घरातली दिसते, टाक. मग मी वर जाऊन दोन्ही पातेल्यांत एकेक पान टाकलं. मागे कोणीतरी बिअरची बाटली उघडली आणि ती त्याच टेबलावर दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. माझं काही बिघडलं नाही, त्याचंही नाही. पहिला कप दुधाचा त्यानेच मागितला होता.

आणि दूध उतू गेलं. तिथल्या काचेच्या शेगड्या बंद केल्या तरी बराच वेळ तापलेल्या राहतात, आपल्या गॅससारखं बटण फिरवून भागत नाही, पातेलं उचलावं लागतं. मला माहीत होतं, पण मी फोनवर होते. दूध काचेवर जळून काळं झालं. लोक गेल्यावर पोलिश मुलगी, इराणी मुलगा आणि मी ते साफ करत बसलो. त्यासाठी तिथे ब्लेड लावलेली एक खरवडणी मिळते, ती तिरकी धरून हळूहळू पापुद्रा सोडवायचा, पुसायचं, परत खरवडायचं. त्याच रात्री घड्याळं मागे होणार होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे 3 वाजता तिथे परत 2 वाजतात. आम्ही खरवडत होतो, गप्पा चालल्या होत्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं राहून त्या मुलाने काटा एक तास मागे केला. त्या जास्तीच्या तासात मी त्या दोघांना दांडिया बाजार, सुरसागर तलाव, आमच्या घराचा जिना, सगळं सांगून टाकलं. त्याने मशहदबद्दल सांगितलं, तिने तिच्या आजीबद्दल. आज ती दुसऱ्या शहरात असते, पण माझ्या वाढदिवसाला आलीच पाहिजे असा नेम आहे.

तेव्हापासून मला सगळीकडे बोलावणं येऊ लागलं. सांगायचा मुद्दा एवढा की त्यातल्या एकाही वेळी माझ्या कपात काय आहे हे कोणी पाहिलं नाही.

बाकीचं चटचट सांगते. पार्टीला बोलावलं तर जा, आणि येतो म्हणालास तर नक्की जा, तिथे ते मोजून धरतात. स्वतःचं पेय स्वतः न्यायचं असतं, सगळ्यांसाठी एखादी खायची वस्तू नेलीस तर उत्तमच. शाकाहारी आहे, अंडं चालत नाही, हे बोलावणं आल्यावर आधीच कळव. विद्यार्थ्यांत व्हिगन पुष्कळ असतात, त्यामुळे कोणाला नवल वाटत नाही. कप भिडवून "प्रोस्ट" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, तुझ्या कपात पाणी असलं तरी. कोणाचा वाढदिवस असेल तर आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, ते अशुभ मानतात. रिकाम्या बाटल्या टाकू नकोस, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे आणि कॅनचे 25 सेंट परत मिळतात, काचेच्या साध्या बिअरच्या बाटलीचे 8. पार्टीनंतर त्या गोळा करून सुपरमार्केटच्या मशीनला नेऊन देणारा माणूस मजल्यावर सगळ्यांचा आवडता असतो. ते काम तू घे.

हासेलपाशी

मी माग्डेबुर्गचाच, तुझ्या होणाऱ्या गावचा. मूळचा कारेलीबागचा. ताईंनी लिहिलंय ते मनापासून पटलं, पण माझी चूक वेगळी होती, ती सांगतो.

पहिल्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांसाठी क्नाइपेनटूर असते. दहा-बारा जणांचा गट करून एका बारमधून दुसऱ्यात. इथे ती बहुतेक हासेलबाखप्लात्झच्या आसपास होते, आम्ही त्याला नुसतं हासेल म्हणतो. मीही तुझ्यासारखाच कोरा. हातात श्पेत्सी. पहिला तास सगळे इंग्रजीत बोलत होते, छान चाललं होतं. मग हळूहळू जर्मन मुलं आपापसात जर्मनमध्ये शिरली आणि मी दीड तास नुसता हसत उभा होतो. घरी आल्यावर मी ठरवून टाकलं की हे बिअर न घेतल्यामुळे झालं. पुढच्या आठवड्यात घेतली. त्याच्या पुढच्याही. दर गुरुवारी कुठे ना कुठे. तरी दहा वाजले की मी हसत उभाच. अडत होती ती भाषा, आणि मी बाटलीशी झगडत होतो.

त्याचा हिशेब पहिल्या सेमिस्टरला चुकता झाला. दोन पेपर गेले. नीट ऐक, कारण हे कोणी आधी सांगत नाही: बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीनच संधी असतात, तिसरीही गेली की त्या कोर्समधून नाव काढून टाकतात आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. माझा एक पेपर तिसऱ्या खेपेला सुटला. त्या निकालाच्या आदल्या रात्री मी घरी फोन केला नाही, कारण आवाजावरून आईला कळलं असतं.

आता सोय सांगतो. विद्यापीठात टांडेम म्हणून असतं. तू एखाद्या जर्मन मुलाला हिंदी किंवा इंग्रजी शिकवायची, त्याने तुला जर्मन. आठवड्यातून एकदा, नदीकाठी फिरत फिरत. माझा टांडेम भारतात जाऊन आलेला होता, त्याला हिंदीतले आकडे शिकायचे होते. उनसठ आणि उनहत्तर यात त्याचा जो गोंधळ व्हायचा तो बघून मला माझ्या डेर-डी-डासची (जर्मन नामांआधी लिंगानुसार लावायचे शब्द) लाज वाटेनाशी झाली. आणि विद्यापीठाचे खेळांचे वर्ग लाव, ते अगदी स्वस्त असतात. मी बॅडमिंटनला जातो. खेळून झाल्यावर सगळे एकत्र जेवायला जातात, त्यात व्याकरण कोणी बघत नाही.

एक शेवटचं. 1 एप्रिल 2024 पासून इथे सज्ञान माणसाला थोडा गांजा जवळ बाळगायला परवानगी आहे, त्यामुळे पार्टीत कोणीतरी पुढे करेलच. कायद्याने चालतं म्हणून घ्यायलाच हवं असं नाही. आणि भारतात येताना चुकूनही बॅगेत काही राहता कामा नये, तिथे तो गुन्हाच आहे. आमच्या ओळखीतल्या एकाचं जॅकेट तसंच बॅगेत जात होतं, त्याच्या खोलीतल्या मुलाने खिसा तपासला म्हणून वाचला.

मांजलपूरची_आई

मुलांनो, सगळं वाचलं. दुधाचं वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझी लेक ग्योटिंगेनला आहे, दुसरं वर्ष. ती सगळीकडे जाते, मला सांगून जाते, मी कधी अडवलं नाही. पण ती रात्री दोनला सायकलवर एकटी घरी येते, आणि इथे मांजलपुरात पहाटे साडेपाच-साडेसहाला मी तिच्या मेसेजची वाट बघत देवापाशी बसलेली असते. तुम्ही सगळे पिण्याबद्दल लिहिता आहात. मुलींनी काय काळजी घ्यायची तेही कोणीतरी लिहा. तिला मी विचारलं की ती "आई, इथे काही होत नाही" एवढंच म्हणते.

आखेनची_रावपुरेकर

काकू, बरं झालं तुम्ही विचारलंत. माझ्या आईनेही हाच प्रश्न विचारला असता तर मीही तसंच उत्तर दिलं असतं, म्हणून लेकीवर रागावू नका. पण काही गोष्टी खरंच असतात.

पेल्यात गुंगीचं औषध टाकण्याचे प्रकार तिथेही घडतात. त्यांना का. ओ. थेंब म्हणतात, पेयात त्यांची चव किंवा वास सहसा कळत नाही. दारू न पिणारीच्या सरबतातही ते टाकता येतात, म्हणून "मी पीत नाही" एवढ्यावर निश्चिंत राहायचं नाही. पेला हातातच ठेवायचा, खाली ठेवून नाचायला गेलं तर परत आल्यावर तो प्यायचा नाही, नवा घ्यायचा. अचानक गरगरायला लागलं तर बाथरूममध्ये एकटीने जायचं नाही, मैत्रिणीला धरून बसायचं आणि 112 ला फोन करायचा.

दुसरं, लेकीला विचारा तिला "लुईझा" माहीत आहे का. 2016 मध्ये म्युन्स्टर शहरात हे सुरू झालं आणि पुढे कितीतरी गावांत पसरलं. बारमध्ये किंवा क्लबमध्ये कोणी त्रास देत असेल, तर काउंटरवर जाऊन एवढंच विचारायचं, "इस्ट लुईझा हिअर?", म्हणजे लुईझा इथे आहे का? जिथे हे चालतं तिथल्या कर्मचाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक असतो. ते काही न विचारता मुलीला आत घेतात, टॅक्सी बोलावतात किंवा मैत्रिणींना शोधून आणतात. बायकांच्या बाथरूममध्ये त्याचं पोस्टर लावलेलं असतं. मला हे एकदा विचारावं लागलं होतं. काउंटरमागच्या बाईंनी हातातलं फडकं ठेवलं आणि मला सरळ आतल्या खोलीत नेऊन बसवलं, टॅक्सी येईपर्यंत माझ्याजवळ बसल्या. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

सायकलचं म्हणाल तर ग्योटिंगेनमध्ये सगळेच सायकलवर असतात. पुढचा मागचा दिवा चालू हवा. आणि तिथे पिऊन सायकल चालवणंही गुन्हा ठरतं, रक्तात 1.6 पर-मिल, म्हणजे हजारात 1.6 भाग अल्कोहोल, निघालं की हमखास. आमच्या गटात नियम असा होता की निघताना एक मेसेज आणि पोचल्यावर एक, आणि ज्याचा दुसरा मेसेज येत नाही त्याला फोन करायचा, झोपलेला असला तरी. तुम्ही लेकीला म्हणा, तो दुसरा मेसेज मलाही पाठव. साडेतीन-साडेचार तासांचं अंतर आहे, तुम्ही उठलेल्याच असता.

दांडियाबाजारचा_धाकटा

ताई, दादा, काकू, तुम्ही एवढं लिहिलंत, मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दुधाच्या ठिकाणी तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. सीनियरला आजच कळवलं की औषधाचं मी सांगणार नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोचतोय. हॉस्टेलच्या कागदांत लिहिलंय की मजल्यावर नऊ जण, स्वयंपाकघर एक. पहिल्या दिवशी नेमकं काय करू? आई म्हणते लीलो चेवडो आणि पेढे घेऊन जा, सगळ्यांना वाट. चालेल का?

आखेनची_रावपुरेकर

पेढे नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपियन युनियनमध्ये न्यायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात आणि डोळ्यांदेखत टाकून देतात. लीलो चेवडो ओलसर असतो, प्रवासात चव जाते. भाकरवडी ने, दोन किलो, आणि सुकी. चारोळी शंभर ग्रॅम वेगळ्या पुडीत, ती तिकडे शोधत फिरावं लागतं.

पोचलास की आधी झोप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, सगळे स्वयंपाकाला येतात तेव्हा, पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून ठेव. तुझ्या खोलीत उघडू नकोस. शेजारी एक कागद ठेव, त्यावर तुझं नाव, खोलीचा नंबर, आणि खाली "बिटे नेमेन", म्हणजे घ्या. त्याच्या खाली "शार्फ" लिही, तिखट आहे हे आधी कळलेलं बरं. मग कुकर लाव आणि शिट्टी होऊ दे. कोणी दचकून बघायला आलं की त्याला बसायला खुर्ची दे.